लाल चिंध्या

नर्मदाबाईचा राग कधी पोटात राहत नसे, हातापायांत उतरायचा. त्या दिवशी तर तो डोक्यात गेला, आणि जाणारच.

गंगाखेडकडच्या एका शाळेची स्काउटची पोरं डोंगरातल्या खंडोबाला पायी निघाली होती. त्यांचे नागनाथ सर पुढं जाऊन झाडांना लाल चिंध्या बांधत गेले. चिंध्यांच्या मागानं या, वाटेत खाऊ लपवलाय, असा खेळ. वाट नर्मदाबाईच्या शेताला लागून. आणि तिच्या शेताच्या कोपऱ्यात ज्वारीच्या मूठभर ताटांना लाल चिंध्या होत्याच. सगळी ज्वारी दुकानच्या बियाण्याची. ही ताटं तेवढी तिच्या आईच्या दाण्याची. गेल्या साली त्या दाण्याला कीड लागली, यंदा उगवलं ते एवढंच. चुकून कुणी तोडू नये म्हणून तिनं खूण केली होती. ही पिकली नाहीत, तर आईचा दाणा कायमचा गेला.

ती घरून भाकरी घेऊन आली, तर बांधावर धूर. पप्पू नावाचा म्होरक्या आणि त्याची टोळी हुरडा चोळून खात बसलेली.

"मुडद्यांनो! बियाची कणसं व्हती ती!"

"आज्जे, सरच म्हणले, लाल चिंधी दिसली की खाऊ आपला." पप्पूनं पाखरं हाकायची तिची गोफण उचलली, गरागरा फिरवली आणि विहिरीत भिरकावली. मग सगळ्यांनी तीन बोटं कपाळाला लावून म्हातारीला सलाम ठोकला आणि खिदळत ओढ्याच्या डोहात पोहायला पळाले.

गवतात एक ताट वाकून पडलं होतं, त्याचं कणीस तेवढं वाचलं. नर्मदाबाईनं ते उभं करून काठीला बांधलं. आता इथं बसून ते राखावं, हे तिला कळत होतं. पण खाली पडलेल्या चिंध्या दिसल्या आणि शहाणपण गेलं चुलीत.

तिनं फाट्यावरची सरांची चिंधी सोडली. आपल्या चिंध्या दुसऱ्याच वाटेनं बांधत नेल्या, थेट खाजकुहिलीच्या जाळीपर्यंत. शेंगा वाळून तयार होत्या. शेवटची चिंधी तिनं लांब काठीनं जाळीच्या आत अडकवली आणि पलीकडच्या दगडामागं जाऊन बसली. ऊन कललं तरी उठली नाही.

पोरं आली, उघड्या ओल्या अंगानं, सदरे खांद्यावर टाकून. "खाऊ माझा!" म्हणत पप्पू पहिला घुसला. मग जी बोंब उठली! नाचली, लोळली, एकमेकांच्या पाठी ओरबाडल्या. नर्मदाबाईच्या जिवाला असा गारवा कधी मिळाला नव्हता. ती समोर आली आणि तीन बोटं कपाळाला लावली.

"आज्जे, पाणी दे गं, मरायलोय!"

"पाण्यानं लय वाढतंय. शेण चोळा. तोंडाला बी."

औषध खरंच होतं, पण तोंडाचं तिनं आपल्या मनानं वाढवलं. पप्पूनं रडत रडत गालांना शेण फासलं. तिनं त्याला कपाळालाही लावायला लावलं.

हसत हसतच ती शेताकडं परतली. बांधाशी येताच भोरड्या पाखरांचा थवा भर्रकन उठला. तिचा हात सवयीनं कमरेच्या गोफणीकडं गेला. गोफण विहिरीत होती.

काठीला बांधलेलं ताट तसंच उभं होतं. कणसात एक दाणा नव्हता.

पप्पूला शिवी द्यायला तिनं तोंड उघडलं. पण ती शिवी आता आपल्यालाच लागणार, हे तिला कळलं, आणि ती तिथंच बांधावर बसली.