चवळीखाऊचं कोण ऐकणार?

आमची राजधानी, कुम्बी शहर, का ओस पडलं म्हणता? कुणी दुष्काळ सांगतं, कुणी लढाया, कुणी म्हणतं शेळ्यांनी गवत संपवलं. असेल बाबा! पण ही जाबा साखो सांगते ते ऐका. आमचं वागादूचं राज्य हसण्यावारी गेलं.

उत्तरेच्या वेशीजवळ माझी सराई होती. सहाराच्या वाळवंटातून मीठ लादलेले उंटांचे तांडे तिथंच उतरायचे. आता आम्ही साखो कुळातले आणि ते तुंकारा कुळातले, पिढ्यान्‌पिढ्यांचे थट्टेचे सोयरे. तुंकारानं शिव्या घालायच्या, आपण दुप्पट घालायच्या; 'चवळीखाऊ' ही दोघांचीही ठेवणीतली शिवी. रागवायचं नाही आणि त्याचा शब्द खराही मानायचा नाही. रीतच तशी.

वाकाने तुंकारा गाढवं हाकायचा. एक दिवस घामाघूम होऊन दारात आला.

"ए चवळीखाऊ! सराई विकून टाक. तांडे आता तिकडं वलाता गावाकडं वळतायत. इथल्या विहिरी आटल्या, वर जकात वाढवली. कोण येतंय मरायला?"

"तूच घे की विकत, चवळीखाऊ! गाढवं दे आणि वर बायको दे!"

अख्खं अंगण हसलं. "अगं बये, खरं सांगतोय," म्हणत तो रडायलाच लागला. आम्ही आणखी हसलो. रडायचं सोंग तुंकारांना छान जमतं. एक चामडेवाला सराई विकत मागत होता, त्याला मी वाकानेच्या नाकावर टिच्चून हाकलला आणि उलट नव्या खोल्या बांधल्या.

त्या साली तांडा आला नाही. पुढच्याही साली नाही. नव्या खोल्यांत शेळ्या राहिल्या. शेवटी डोक्यावर बोचकं घेऊन मी वलाताची वाट धरली.

तिथं वेशीतच वाकानेची सराई. दारात उंटच उंट. मी बोचकं आपटलं.

"मेल्या, दुसऱ्या कुणाच्या तोंडून तरी निरोप धाडायचास!"

"अगं, राजाच्या कारभाऱ्यालाही सांगून आलो होतो. तोही तुमच्यातलाच, साखो. पोट धरधरून हसला, आणि झकास थट्टा केलीस म्हणून मला अंगावरचं वस्त्र दिलं!"

आपलेच दात, आपलेच ओठ.

"तुझ्यासाठी एक खोली ठेवलीय," तो म्हणाला.

"हो, गाढवांच्या शेजारी!" रीतीप्रमाणं मी खो-खो हसले आणि बोचकं उचलून पुढं निघाले.

तो हसला नाही. "जाबा, आत ये," म्हणाला. चवळीखाऊ म्हणाला नाही. तेव्हा कुठं मला ते खोलीचं खरं वाटलं, आणि भडभडून आलं.

"रडतेस काय?" वाकाने ओरडला. "चुलीवर चवळी करपतेय, ती बघ आधी!"