बिनसलाईनचा इलाज

बोरी अरबात दवाखान्यात एकटं जायची पद्धत नाही. एकटा माणूस दवाखान्यात दिसला की गाव दोनच अर्थ काढतं: घरचे मेले, नाहीतर घरच्यांशी वाजलं. म्हणून रुपाली समुपदेशक मॅडमकडं यवतमाळला निघाली तेव्हा काळीपिवळी गच्च भरली. बाप धर्मपाल, आई मथुराबाई, चुलतभाऊ संघर्ष, शेजारची धुरपताबाई, आणि एक म्हातारा, ज्याला खरं तर वाटेतल्या फाट्यावर उतरायचं होतं. पण विषय रंगात आला होता, तो उतरलाच नाही.

विषय असा. रुपाली एसटीच्या ड्रायव्हरकीचं ट्रेनिंग घेत होती. सरळ रस्त्यावर तिच्या हातात बस गुणी लेकरासारखी चालायची. पण परीक्षक शेजारी बसले आणि रिव्हर्स टाकायची वेळ आली की तिचे हात स्टिअरिंगला चिकटायचे, छाती धडधडायची, आणि बस विचार करत जागेवरच उभी राहायची. एक चाचणी अशीच गेली होती. आता सोमवारची शेवटची. ती हुकली की ट्रेनिंगमधून नाव कटणार. तिथल्याच एका शिक्षकांनी समुपदेशनाचं सुचवलं होतं. धर्मपालनं तो शब्द मनातल्या मनात दोनदा घोळवला आणि विचारलं, त्याच्यात सलाईन लावतात का?

समुपदेशक ऋचा मॅडमच्या खोलीत सगळ्यांना खुर्च्या पुरल्या नाहीत, पण उत्तरं पुरून उरली. मॅडमनी रुपालीला झोपेचं विचारलं. मथुराबाई म्हणाली, मले तं डोळ्याला डोळा लागत नाही. धुरपताबाईनं गुडघ्यांचं दुखणं काढलं. म्हाताऱ्यानं, कोणीही विचारलेलं नसताना, पोट साफ होत असल्याचं जाहीर केलं.

रुपाली उठून उभी राहिली.

"बाबा, तुमी सारे भायेर बसा."

"काहून? आमी का परके हाओ?"

"परके असते तं बसू देलं असतं."

सगळे अपमान पांघरून बाहेर बसले. थोड्या वेळानं धर्मपालनं दारातून डोकं आत घातलं, सलाईनच्या स्टँडसाठी खोलीभर नजर फिरवली आणि फसवणूक झालेल्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यानं डोकं परत नेलं.

मग मॅडमनी रुपालीला उलटं चालवलं. हात चिकटायच्या आधी काय होतं? छाती धडधडते. त्याच्या आधी? आरशात पाहते. आरशात काय दिसतं?

रुपाली म्हणाली, "चौकातला फ्लेक्स."

ती ट्रेनिंगला लागली त्याच दिवशी संघर्षनं तो चौकात टांगला होता. 'एसटी चालक झाल्याबद्दल गावच्या वाघिणीचे हार्दिक अभिनंदन.' रुपाली तेव्हा गिअर शोधत होती, पण फ्लेक्सवर 'झाल्याबद्दल'च होतं. खाली शुभेच्छुकांचे फोटो, तिच्या फोटोपेक्षा मोठे. त्यातला एक शुभेच्छुक मधल्या काळात वारला, त्यामुळं निदान त्याच्या शुभेच्छा तरी आता मागे घेता येण्यासारख्या नव्हत्या. रिव्हर्स टाकला की ही सगळी मंडळी बसच्या मागं येऊन उभी राहायची. माणसांवर बस घालायची कशी?

मॅडम म्हणाल्या, "तुझ्यात काही बिघडलेलं नाही. टिपेश्वरच्या जंगलवाटेवर वाघ आडवा आला तर शरीर हेच करेल. छाती धडधडेल, हात आवळतील. ते तुला वाचवायला धावतंय. फक्त त्याला फ्लेक्स हाच वाघ वाटतो."

"वाघ बरा, मॅडम. त्याच्याखाली शुभेच्छुक नसतात."

मॅडम हसल्या आणि लगेच कामाला लागल्या. श्वास घेतला त्याहून सावकाश सोडायचा, भरलेला हंडा डोक्यावरून उतरवावा तसा. पाय जमिनीला दाबून धरायचे. पुढचं एकच काम तोंडानं म्हणायचं. भीती जाईल असं त्यांनी सांगितलं नाही. ती असताना हात कसे चालवायचे, तेवढं शिकवलं, आणि रोज करायला लावलं. मग विचारलं, यातलं तुझ्या हातात काय आहे आणि काय नाही? गावाचं तोंड हातात नाही, हे लगेच ठरलं. फ्लेक्स?

"हातात हाये," रुपाली म्हणाली. "शिडी लागन फक्त."

त्याच संध्याकाळी तिनं चौकात शिडी लावली. संघर्ष खाली उभा राहून विनवत होता, ताई, लोक म्हणतील नापास झाली म्हणून काढला.

"म्हणू दे. आन् शिडी धर."

शिडी त्यानं धरली. फ्लेक्स धुरपताबाईच्या शेळ्यांच्या छपरावर गेला. शेळ्यांनी कसलाही तणाव घेतला नाही.

रोज सकाळी रुपाली अंगणात खुर्चीवर बसून, हातात ताट स्टिअरिंगसारखं धरून श्वास सोडायची. मथुराबाईनं शेजारी बसून नक्कल केली आणि बसल्या जागी घोरायला लागली.

सोमवारी गाव पुन्हा गाडी करायला निघालं. रुपालीनं नको म्हटलं आणि एकटी गेली.

मैदानावर परीक्षक शेजारी बसले. दोन खांबांमध्ये बस मागं घ्यायची होती. तिनं आरशात पाहिलं आणि हात चिकटले. फ्लेक्स उतरवला होता, पण ही बातमी तिच्या हातांपर्यंत पोचली नव्हती.

"सर, थोडं थांबते."

"काय झालं?"

"घाबरली. करते आता."

असं उत्तर परीक्षकांना आजवर कोणी दिलं नव्हतं. तिनं पाय दाबले. लांब श्वास सोडला. परीक्षकांनीही नकळत सोडला. मग ती मोठ्यानं म्हणाली, क्लच. रिव्हर्स. उजवा आरसा. आता डावा. बस हलली आणि अडखळत, पण मागंच गेली. खांब उभेच राहिले.

परीक्षक उतरले, मागून फिरून आले आणि म्हणाले, पास.

रुपाली सीटवरून उठली नाही.

"सर, अजून एकदा घेऊ का मांगं?"

"अहो, झालात ना पास."

"ते झाली. पण मघाशी हात चिकटले होते. जरा भीतीवर हात बसू द्या."

तिच्यानंतर कोणी उमेदवार नव्हता. परीक्षकांनी घ्या म्हटलं आणि सावलीला जाऊन डबा उघडला. रुपालीनं बस पुढं घेतली, थांबवली, आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "क्लच."