चादरी मोजायची जागा

मी एक जुना पडदा आहे. खिडकीवरचा नव्हे हं, दवाखान्यातला. तीन लोखंडी चौकटी, खाली सहा चाकं आणि अंगावर हिरवं कापड. माझं एक चाक कुरकुरतं. ते पहिल्या दिवसापासूनच कुरकुरतं, तेव्हा म्हातारपणाला दोष देऊ नका.

मित्रांनो, माझा जन्म अमरावतीला एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. खुशालराव नावाच्या कारागिरानं मला जोडलं, पांढरा रंग दिला आणि दर्यापूरच्या बाजूला एका गावच्या दवाखान्यात पाठवून दिलं. माझं काम सोपं होतं. एखाद्या आजीचं अंग पुसायचं असलं, जखम बांधायची असली, की मला खाटेभोवती उभं करायचे. कुणी शेवटचा श्वास घेत असलं तरी मलाच बोलवायचे. मी बाहेरच्यांना आतलं दिसू देत नसे. आतलं मात्र मला सगळं दिसायचं. पण मी तर लोखंडाचा. मला काय होणार?

मग ती मोठी साथ आली. त्या दिवसांत लोकांनी थाळ्या वाजवल्या, सिस्टरांच्या गळ्यात हार घातले, माझाही फोटो कुठल्याशा पेपरात आला. साथ ओसरली तशी थाळ्या स्वयंपाकघरात परत गेल्या. वॉर्डात छताला रूळ ठोकले, त्यांवर नवे निळे पडदे लागले, आणि मी निकामी झालो.

"अवं माय, हे लोढणं भंगारात टाका नं!" वॉर्डातल्या मावशी, आशाबाई, म्हणाल्या. पण भंगारवाला काही आला नाही. मला चादरींच्या खोलीत कोपऱ्यात उभं केलं. धुतलेल्या चादरींचे गठ्ठे, फिनाईलचा वास आणि मी.

तिथं मला नवं काम मिळालं. कुणी दिलं नाही, आपोआप मिळालं.

या वॉर्डाची एक रीत होती. सिस्टरनं पेशंटपुढं रडायचं नाही. फारच भरून आलं तर म्हणायचं, "मी जरा चादरी मोजून येतो." (आमच्या वऱ्हाडात बायाही 'येतो'च म्हणतात.) मग या खोलीत यायचं, माझ्यामागं उभं राहायचं, रडून घ्यायचं, तोंड धुवायचं आणि परत जायचं. कुणी चादरी मोजायला गेली की बाकीच्या तिचं काम सांभाळत. परत आल्यावर तिला एक शब्दही विचारत नसत. यालाच त्या माया म्हणत. मलाही ती मायाच वाटायची.

प्रणाली सिस्टर नांदगाव खंडेश्वरची. नवीनच लागलेली, हसरी, जरा बडबडी. सोयाबीन काढायच्या दिवसांत साप चावलेली एक छोटी मुलगी तिच्याकडच्या एका खाटेवर आली. डॉक्टरांनी, सिस्टरांनी जिवाचं रान केलं. मुलगी काही वाचली नाही. उशीर झाला होता, कुणाचीच चूक नव्हती. पण दुःखानं वेडा झालेला तिचा बाप समोर असलेल्या प्रणालीवरच ओरडला, "तुमीच मारली माही पोर!"

त्या दिवशी प्रणाली चादरी मोजायला आली. दुसऱ्या दिवशीही आली. मग रोजच येऊ लागली. पुढंपुढं तर ती रडायचीसुद्धा नाही, नुसती माझ्या कापडाकडे बघत उभी राहायची. डबा तसाच घरी न्यायची. बडबड बंद झाली. वॉर्डात सगळ्यांना दिसत होतं, पण विचारायचं नाही ही रीत! मला फार वाईट वाटायचं. पण पडद्याला कुठं तोंड असतं?

त्याच सुमारास अकोल्याहून अनुप नावाचे समुपदेशक आले. दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या मनावर ताण येतो, तो कसा ओळखायचा, कुणाशी बोलायचं, हे शिकवायला. हॉलमध्ये कार्यक्रम झाला. सगळ्यांनी ऐकलं, कचोरी खाल्ली आणि आपापल्या ड्यूटीवर गेले. मग अनुपसाठी एक खोली उघडली. दारावर भलामोठा बोर्ड लागला, 'कर्मचारी मानसिक आधार कक्ष'. आणि खोली कुठं? तर केसपेपर काढायच्या खिडकीसमोर! सकाळपासून अर्धं गाव तिथं रांगेत उभं असतं. त्यांच्या डोळ्यांदेखत कोण आत जाणार?

बिचारे अनुप एकटेच चहा पीत बसायचे. शेवटी त्यांनी आशाबाईंना विचारलं, "मावशी, एखादा जुना पडदा भेटंल काय? लोकायले लाज वाटून राहिली."

आशाबाईंनी मला ढकलत तिकडं नेलं. कुर्र कुर्र करत मी दारात जाऊन उभा राहिलो. इतक्या दिवसांनी जुनं काम परत मिळालं म्हणून मला कोण आनंद! पण झालं भलतंच. आता तर रांगेतला प्रत्येक जण वाकून बघायला लागला. "अंदर कोन हाय वं? काय झालं त्याले?" आतमध्ये अनुप आणि त्यांचा चहा, दुसरं कोण असणार?

आणि तिकडं चादरींच्या खोलीत मी नव्हतो.

पुढचं मला आशाबाईंकडून कळलं. प्रणालीनं इंजेक्शन भरलं आणि बाटलीवरचं नाव तीनतीनदा वाचूनही खात्री पटेना, तेव्हा तिनं ते तसंच ट्रेमध्ये ठेवून दिलं. दुसऱ्या सिस्टरला म्हणाली, "तू देतं काय? मी चादरी मोजून येतो." खोलीत आली तर आडोसाच नाही. ती तिथंच जमिनीवर बसली. चादर घ्यायला आलेल्या इन्चार्ज रागिणी सिस्टरांना ती दारातूनच दिसली.

रागिणी सिस्टर म्हणजे कडक बाई. त्यांच्यापुढं डॉक्टरसुद्धा जपून बोलायचे. त्यांनी दार लोटलं नाही, की मागे फिरल्या नाहीत. त्यांनी रीत मोडली.

"काय झालं वं?" त्यांनी विचारलं.

"सिस्टर, मी नोकरी सोडतो," प्रणाली म्हणाली. "माह्या हातानं कोनाचं बरंवाईट झालं तर?"

"उठ. माह्यासोबत चाल."

दोघी केसपेपरच्या रांगेसमोरून आल्या, हे मात्र मी स्वतः पाहिलं. रांगेतल्या माना वळल्या. दारात प्रणालीचे पाय अडले. "नाही सिस्टर, लोकं काय म्हणतीन? डोकं फिरलं म्हणतीन."

रागिणी सिस्टरांनी रांगेकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"आशाबाई, हा पडदा घडी करून बाजूले ठेवा. मी बसतो पहिले. ज्याले पाहाचं त्याले पाहू द्या."

आशाबाईंनी मला मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच कामाच्या वेळी मला कुणी मिटलं होतं. रागिणी सिस्टर सगळ्यांच्या देखत अनुपसमोर खुर्चीवर बसल्या. प्रणालीही आत आली. दार मग लोटलं, पण मी आतच भिंतीला टेकून होतो.

"साथीच्या साली माहा भाऊ याच दवाखान्यात वारला," त्या म्हणाल्या. "तो तिकडं साथीच्या वार्डात, मी इकडं सलाईन लावून राहिली होती. रडाले टाइम नाही भेटला. अन् मंग कोनी इचारलंच नाही."

"आता टाइम हाय, सिस्टर," अनुप हळूच म्हणाले.

कडक बाई ढसाढसा रडल्या. प्रणाली बघतच राहिली. मग तिनं आपल्या मनातलं सांगायला सुरुवात केली, "त्या पोरीनं माहं बोट धरून ठेवलं होतं जी..."

एका दिवसात सगळं ठीक झालं असं मी सांगणार नाही. प्रणालीला काही दिवस हलकी ड्यूटी दिली. ती अनुपकडं जात राहिली, त्यांनी सांगितलं तेव्हा अमरावतीच्या डॉक्टरांनाही दाखवून आली. पहिल्या खेपेला रागिणी सिस्टर सोबत गेल्या. हळूहळू झोप लागायला लागली. डबा रिकामा व्हायला लागला. नोकरी तिनं सोडली नाही. दारावरचा बोर्ड काढला, खोलीही मागच्या बाजूला नेली. आता तिथं डॉक्टरही जातात.

मी परत चादरींच्या कोपऱ्यात आहे. मित्रांनो, माझ्या चाकाला तेल घाला असं मी म्हणणार नाही, त्या कुरकुरीची मला सवय आहे. पण तुमच्या घरी, शेजारी कुणी सिस्टर, डॉक्टर, मावशी असतील, तर त्या कामावरून आल्यावर दिवस कसा गेला ते विचारा. आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबा.

वॉर्डातली रीत अजून आहे. परवाच एक सिस्टर डोळे लपवत म्हणाली, "मी जरा चादरी मोजून येतो."

प्रणाली हातातला ट्रे खाली ठेवून तिच्यामागं निघाली.

"थांब वं," ती म्हणाली, "दोघी मोजू."