पालखीतला सा

रवळू आप्पा सुतार उचगावचे. पेटी दुरुस्तीत त्यांच्या कानाचा दबदबा असा, की भजनी मंडळं एकवेळ मृदंगावरून भांडतील, आप्पांच्या सुरावरून नाही. मोबाईलात बघून सूर लावणाऱ्यांना ते 'डोळ्यानं जेवणारी माणसं' म्हणत. केलेल्या प्रत्येक पेटीच्या झाकणाआड खिळ्यानं कोरत: 'सूर बरोबर. रवळू.' म्हणजे चूक निघाली तर पळायला वाट नाही.

बेळगावात कॅम्पातल्या चर्चच्या जुन्या पायपेटीतही त्यांनी तसंच कोरलं. चार दिवस खपून भाता शिवला आणि भजनाच्या पेटीला करतात तसे गांधार, धैवत, निषाद अंमळ उतरवले. त्यानं एका सा-भोवती सगळं गोड लागतं. कुणी सांगितलं नव्हतं. चांगल्या कामाला सांगावं लागतं होय?

शनिवारी दुपारी चर्चची गाणारी मंडळी जमवून, त्यांना शिकवणाऱ्या फिलोमिना टीचरनी तालीम लावली. दुसऱ्या दिवशी सणाच्या प्रार्थनेत हायडनचं गाणं म्हणायचं होतं. सव्वादोनशे वर्षांमागचा ऑस्ट्रियाचा संगीतकार, बाप गाड्यांची चाकं करणारा. म्हणजे आमच्यातलाच, असं नातं लावून आप्पा सोयऱ्याच्या थाटात पुढच्या बाकावर बसले.

पहिल्या ओळी मधासारख्या निघाल्या. आप्पांनी मान डोलावून त्यातला आपला वाटा घेतला. मग गाणं वळलं आणि पेटी कोल्ह्यासारखी विव्हळली. वीस माणसं थांबली. टीचरनी पुन्हा वाजवलं. त्याच वळणावर पुन्हा कोल्हा. झाकणाआड नाव कोरलेलं, आणि सकाळी सगळा कॅम्प ऐकायला येणार.

आप्पांनी दोष गाण्यावर टाकला. गाणंच सा सोडून भरकटतंय, म्हणाले. सा म्हणजे गाभाऱ्यातला देव, तो जागचा हलत नसतो. टीचर वादात पडल्या नाहीत. त्यांनी पेटी बंद केली आणि तेच मंडळींकडून नुसत्या गळ्यानं, सावकाश गाऊन घेतलं.

आप्पांनी डोळे मिटले. सा खरंच उठला. पंचमाच्या घरी जाऊन बसला, तिथून आणखी पुढं. आणि जाईल त्या घरी सगळे सूर त्याच्याभोवती नव्यानं हात जोडून उभे राहिले. वीस गळे फिरून पहिल्या जागी आले, तेव्हा आप्पांचेही हात जोडलेले होते.

"टीचर," ते हळू म्हणाले, "सा पालखीत बसलाय की. गाव फिरून देवळात आला."

"व्हय आप्पा. आणि तुम्ही एकाच दारात रांगोळी घातलीय."

टीचरनी सूर मोजणारा मोबाईल पुढं केला. आप्पांनी तो मुकाट घेतला. अंधार पडेपर्यंत ते पितळी पट्ट्यांची टोकं घासत, उतरवलेला एकेक सूर चढवत होते. मोबाईलातला काटा मधोमध आला की कान कुरकुरे, जास्त झालं म्हणून. आप्पा त्याला म्हणत, गप रं. एकट्या गांधाराचं सुख काढून बारा सुरांच्या बारा घरांत वाटायचं. पोटभर कुणालाच नाही, उपाशीही कुणी नाही. कुठल्या पंचायतीला हे जमलंय?

रविवारी सा दारोदार हिंडला आणि पेटी शेवटपर्यंत त्याच्याबरोबर चालली. लोक बसले तरी आप्पा उभेच होते.

नंतर त्यांनी झाकण उघडलं. 'सूर बरोबर' एवढं खरवडून काढलं, 'रवळू' राहू दिलं. आता तर बरोबर आहेत की, असं टीचर म्हणाल्या. आप्पांनी खिळा खिशात टाकला आणि पुढची तालीम कधी ते विचारलं.