कागदावरची बहीण

डॉक्टरांच्या फॉर्मवर एक प्रश्न होता : घराण्यात रक्ताच्या नात्यात लग्न झालं आहे का? माझी लेक बियांका तेव्हा तीन महिन्यांची होती आणि तिची डावी पापणी मला जरा जड वाटायची. बाकी कुणालाच वाटत नव्हती. मी 'नाही'वर खूण केली, आणि त्याच आठवड्यात आजीच्या कपाटात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, मला तो फोटो सापडला.

कोबे बंदराच्या पायऱ्या, सन १९३३. एक पुरुष, एक बाई, एक मुलगी, एक मुलगा. मुलीने मुलाचा हात घट्ट धरलेला. फोटोमागे जहाजाच्या यादीची घडी होती : कुटुंबप्रमुख नागाहामा, पत्नी, मुलगी किनुए वय बारा, मुलगा तोरासुके वय दहा.

किनुए म्हणजे माझी आजी, आमची बाचान. तोरासुके म्हणजे माझे आजोबा, जिचान.

मी बाळाला कडेवर घेऊन तशीच स्वयंपाकघरात गेले. बाचान मुळ्याला मीठ चोळत होती. मी यादी पुढे धरली, डॉक्टरांच्या फॉर्मचं सांगितलं. तिने कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि इतकी हसली की तिला खुर्ची ओढून बसावं लागलं.

"घाबरलीस होय? अगं, पोरीचा डोळा चांगला आहे. तुझा जिचान माझा भाऊ नव्हता. कागदावर होता."

मग तिने सांगितलं. ब्राझीलच्या कॉफीमळ्यावर यायचं तर एका कुटुंबात कामाची निदान तीन माणसं लागत, बारा किंवा त्यापुढच्या वयाची. नागाहामांकडे नवरा-बायको दोघंच, तोरासुके दहाचा. म्हणून त्यांनी शेजारच्या घरातून एक मुलगी घेतली आणि कागदावर तिला लेक केलं. 'कोसेई काझोकु', जुळवलेलं कुटुंब. त्या जहाजावर अशी कितीतरी होती. पाच वर्षांनी मुलगी परत आणून सोडायची बोली होती.

"आईने केस विंचरले आणि मला देऊन टाकलं," बाचान म्हणाली. "घरात खाणारी तोंडं सात होती."

"आणि लग्न?"

"भावा-बहिणीचं लग्न कुठला कारकून लावील? चार मंडळींसमोर साकेचे तीन घोट घेतले, झालं. आडनाव दोघांचं एकच. पोरांची नावं नोंदवायला गेलो तर कुणी काही विचारलंसुद्धा नाही." तिने पुन्हा मुळा हातात घेतला. "नोरिए, हे तुझ्या बापालाही ठाऊक नाही. मी दिलेली पोर होते, हे मला माझ्या मुलांना कळू द्यायचं नाही. तुझ्या त्या फॉर्मपायी बोलले. आता तोंड बंद ठेव."

मी ठेवलं. पाच महिने.

रोझाना माझ्या काकांची मुलगी, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. साओ पावलोच्या जुन्या बाजारात मेलेल्या माणसांचे अल्बम किलोवर मिळतात. ती ते आणायची, फोटो मोठे करायची आणि कॉफीच्या पोत्याची सुतळी त्यांत शिवायची. जपानी लोक इथे आल्याला त्या वर्षी शंभर वर्षं होत होती, आणि आमच्या मारीलियातल्या जपानी मंडळाने तिला प्रदर्शनासाठी अख्खा हॉल दिला होता. त्या कामासाठी ती इकडे राहायला आली आणि दर बुधवारी माझ्याकडे येऊ लागली.

"जा, अंघोळ करून घे," ती बियांकाला माझ्या हातातून घेत म्हणायची. "तुझ्या केसांना आंबलेल्या दुधाचा वास येतोय. पोरीला मी खात नाही."

आठ महिन्यांत पहिल्यांदा मी न्हाणीघराचं दार लावून घेतलं.

तिला फोटो हवे होते, म्हणून मी बाचानचा डबा घरी आणला. त्यातली यादी तिने वाचली आणि तिचा चेहरा उतरला. "म्हणजे आपण सगळे…?" तिच्या मांडीवर बाळ होतं. मला माझाच तो दिवस आठवला, आणि मी सांगून टाकलं. सगळं. केस विंचरल्याचंसुद्धा.

"कुणाला बोलू नकोस."

"वेडी आहेस का? माझी पण आजी आहे."

फोटो भिंतीवर लावू का, हे बाचानला मीच विचारलं. "मळ्यावर आलेल्या सगळ्यांचे लावतेय ती," मी म्हटलं.

"माझे केस नीट दिसतात का त्यात?" बाचानने विचारलं, आणि होकार दिला.

जूनमधल्या शनिवारी प्रदर्शन उघडलं. हॉलमागे मंडळाच्या बायका नूडल्स परतत होत्या, सारण भरलेली पेस्तेल तळत होत्या. बाचानने राखाडी रेशमी ब्लाउज घातला होता. मी एका हाताने ढकलगाडी धरली होती आणि दुसऱ्या हाताने तिला. बियांकाला धूर लागेल म्हणून मी दारं कुठे आहेत ते बघत चालले होते, त्यामुळे फोटो आधी बाचानला दिसला.

दरवाजाएवढा मोठा केला होता. दोन मुलांच्या हातांभोवती सुतळीचे वेढ्यांवर वेढे, गाठच गाठ.

बाचान फोटोच्या अगदी जवळ गेली. "जहाजाला घाबरला होता," ती म्हणाली. "हात सोडेना." मग तिने खालच्या पाटीकडे बोट केलं. "काय लिहिलंय? चष्मा राहिला घरी."

पाटीवर होतं : 'भाऊ-बहीण. तोरासुके, मुलगा, वय १०. किनुए, मुलगी, वय १२. पुढे त्यांना पाच मुलं झाली.'

मी पाटीच्या खाली पाहिलं, बाजूला पाहिलं. आणखी काही नव्हतं.

"नावं आहेत," मी म्हणाले. "आणि वयं."

पण मागे ओकिनो-सान उभ्या होत्या. गेटबॉलच्या मैदानावर बाचानशी त्यांचं वीस वर्षांचं हाडवैर, आणि ऐंशीच्या वयात नजर शाबूत. त्यांनी पाटी मोठ्याने वाचली, शेवटच्या ओळीसकट.

"किनुए-सान, तुमच्याकडे स्थळ शोधायला फार पायपीट नाही करावी लागली म्हणायची."

त्यांच्या दोन मैत्रिणी रुमालात हसल्या.

"नाही ना," बाचान म्हणाली. "सामान कमी होतं. एकाच पेटीत बसलं सगळं."

त्या आणखी हसल्या. बाचानही हसली. माझ्या कोपरावरचा तिचा हात मात्र तिने काढून घेतला होता.

रोझाना कॉफीच्या टेबलापाशी होती. मी सरळ तिच्यापुढे गाडी उभी केली.

"पाटीवर एक ओळ राहिलीय."

"कुठली?"

"जुळवलेलं कुटुंब. तुला ठाऊक होतं, रोझाना."

तिने नजर चुकवली नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं. "लिहिली होती. मग काढली. ती ओळ आली की फोटो मरतो गं. नुसता सरकारी नियम उरतो. बघ ना, लोक कसे थांबतायत त्याच्यापुढे."

"तिला हसायला थांबतायत."

"माझी पण आजी आहे ती."

"मग जा, तिच्याशेजारी उभी राहा."

तिने तिकडे पाहिलं. एक पाऊल टाकलंही असेल. तेवढ्यात वर्तमानपत्राचा फोटोवाला हाक मारू लागला. तिने बियांकाच्या गालाला बोट लावलं, "बुधवारी येते, बोलू," म्हणाली आणि गेली.

किती बुधवार झाले होते! हिच्या भरवशावर मी साबणाच्या फेसात डोळे मिटून उभी राहिले होते.

परतताना बाचान मागच्या सीटवर बाळाशेजारी बसली. सिग्नल लागला तेव्हा तिने विचारलं, "कुणाकुणाला सांगितलंस?"

"फक्त रोझानाला."

"मीही एकीलाच सांगितलं होतं."

सिग्नल सुटला. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली.

"मी आज सगळ्यांना फोन करते," मी म्हणाले. "बाबांना, काकांना. खरं काय ते सांगते. पाटी बदलायला लावते."

"खरं म्हणजे काय सांगशील? की मला देऊन टाकली होती?"

घरापर्यंत ती बियांकाच्या पायातला मोजा ओढून ओढून सारखा करत राहिली.

फोन मी केला नाही. बुधवारी बेल वाजली तेव्हा दारही उघडलं नाही.

रविवारी बियांकाला घेऊन बाचानकडे गेले. एरवी ती आतूनच ओरडते, "आलीस का? चपला नीट लाव, परवा मी त्यात अडखळले." त्या दिवशी ती दारापर्यंत चालत आली. दोन्ही हात पुढे जोडून कमरेत थोडी वाकली.

"या," ती म्हणाली. "बाळाला घेऊन एवढ्या उन्हात आलात. दमला असाल. बसा ना."

आणखी कोण आलंय म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.