मागच्या दारातून बगीचा

"दोघांची नावं लिहून टाकली जी," हिरालाल गुरुजींनी पास पुढे केले. "तुमचं आन् काकूचं. रविवारी दहाले. मालगुजारांचे तीन जुने बगीचे पाहाचे. संग माहिती सांगनारे साहेब राहतीन. पयला बगीचा आपल्याच गावचा, तिथंच या."

गुरुजी नुकतेच आसगावहून बदलून आलेले. सेवकरामची बायको रुखमा वैशाखातच वारली, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंही सांगितलं नाही. पास घडी करून त्यानं बंडीच्या खिशात टाकले.

गावचा तो बगीचा त्याच्याच हातचा. एकतीस वर्षं त्यानं तिथं कलमं बांधली. पण नोकरांच्या बायकांनी गोठ्याकडच्या दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही, हा मालगुजार मालकांचा दंडक. रुखमा रोज दुपारी तिथवर डबा आणायची आणि परत फिरायची. जाताना कधी त्याला विचारायची,

"मोगरा कोन्या बाजूले हाय जी?"

"दाखवीन ना एक दिवस. घाई कायची हाय तुले?"

मेला तो एक दिवस काही उजाडलाच नाही.

"जा ना मामाजी," सून सत्यवती म्हणाली. "आता तं मोठ्या फाटकातून जाता येते. कोन अडवते तुमाले?"

"आता कोनी अडवत नाही, तेच तं! तिले अडवलं तवा मी तोंडात मूग धरून बसलो."

तीन दिवस त्याचं जाऊ की नको चाललं. एकट्यानं आत जायचं तरी कोणत्या तोंडानं? आणि नाही गेलं, तर तिच्या नावाचा पासही वाया जाणार. रविवारी धुतलेलं धोतर नेसून तो निघाला.

फाटकाशी गाडी उभी होती. माणसं चपलांसकट आत शिरत होती. सेवकराम थबकला, वळला आणि भिंतीच्या कडेकडेनं गोठ्याकडच्या दाराशी गेला. रुखमा डबा घेऊन ज्या दगडावर उभी राहायची, त्यावर चढून त्यानं आत पाहिलं.

शेणखताचा खड्डा. पलीकडे विहिरीचा कठडा. बस्स. मोगरा नाही, गुलाब नाही, एक कलम दिसेल तर शपथ! एकतीस वर्षं बाई एवढंच पाहून घरी जायची, आणि आपण एकदाही इथं उभं राहून पाहिलं नाही.

आत साहेब मोगऱ्याची माहिती सांगत होते. गुरुजी शोधत शोधत मागं आले.

"इथं काहून उभे जी? चाला ना! काकू कुठं हायेत?"

"हाय ना इथंच," सेवकराम म्हणाला. "तुमी व्हा पुढं."

आणि दगडावर तो जरासा बाजूला सरकला.