मंत्राएवढा वेळ

लॅबच्या काचेला नाकं लावून झाडून सगळे उभे होते, रक्त द्यायला आलेले पेशंटसुद्धा. आत यंत्रमहाराज सर्व्हरच्या कपाटावर फुंकर मारून मंत्र पुटपुटत, मग बोट उचलत, की लॅब चालवणारे भाऊजी कॉम्प्युटरवरून एक मशीन चालू करत. पुन्हा मंत्र, पुन्हा बोट. वीज जाऊन आल्यापासून अडलेले रिपोर्ट सुरळीत जाऊ लागले, तशा टाळ्या पडल्या.

"नेटवर्कमधली पीडा पळाली!" महाराज गरजले. "मात्र ती पांढऱ्या पायाची आत नको. नवरा खाल्ला, आता धंदा खाईल."

ती म्हणजे वहिनी, भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको. नवरा तापाने गेला तोवर ही मशीनं तीच सांभाळायची. आता तिला जिन्यात उभं करत. तेही तिने गिळलं असतं. पण आत काकाच्या, म्हणजे भाऊजींच्या, मागे उभ्या असलेल्या लेकीला जवळ घ्यायला तिने दारातून हात पुढे केला, तर पोरगी मागे सरकली.

"नको ना आई. मी पण मरेन."

पुढच्या क्षणाला वहिनी आत होती.

"महाराज, बाहेर व्हा. आता मी चालू करते."

"कर, आणि आपट तोंडावर!" भाऊजी हसले.

तिने सगळं बंद केलं. मग एकेक मशीन चालू करत गेली, मध्ये मंत्राऐवजी बेचा पाढा म्हणत. रिपोर्ट बिनबोभाट गेले.

"आता तुम्ही आत या. घसा फुटेस्तोवर मंत्र म्हणा, मी सगळी एकदम चालू करते."

महाराज बेंबीच्या देठापासून ओरडले. अर्धे रिपोर्ट गायब. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"हिची सावली पडली!" महाराज किंचाळले.

"मगाशी पाढा म्हणताना माझी सावली काय सुट्टीवर होती?" काचेबाहेर हशा पिकला.

वहिनी लोकांकडे वळली. "खरं मशीन एकच. बाकीची त्याच्या पोटात, सॉफ्टवेअरची. नेटवर्कवर प्रत्येकाला स्वतःचा हार्डवेअर पत्ता लागतो. प्रोग्राम यादीत रिकामा पत्ता बघतो, मग त्यावर नाव लिहितो. दोन मशीनं एकदम उठली, जशी वीज परत आल्यावर उठली, तर एकाचं नाव लिहून व्हायच्या आत दुसऱ्यालाही तोच पत्ता रिकामा दिसतो. दोघांचा पत्ता एक, मग रिपोर्ट भलतीकडे. मंत्राने फक्त वेळ काढला. एकाचं लिहून होईस्तोवर दुसऱ्याला थांबवलं की झालं. भाऊजी, हे मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. तुम्हाला मशीन नीट नको होतं, मी बाहेर हवी होते."

महाराजांनी काढता पाय घेतला, आणि मगाशी टाळ्या पिटणारेच आता शिट्ट्या मारू लागले.

"मग पप्पा तुझ्यामुळे नाही गेले?" लेकीने विचारलं.

"तापाने गेले, बाळा. कुणीही काही सांगितलं, तरी आधी विचारायचं, कशावरून?"

पोरगी पुढे आली. पण आईचा हात धरण्याआधी तिने काकाकडे बघितलं.

मशीनमधली चूक त्याच दुपारी दुरुस्त झाली. पोरीच्या मनातली कधी होईल, कोण जाणे. टाळी वाजवण्याआधी काचेबाहेरच्या एकाने जरी 'कशावरून?' विचारलं असतं, तरी ती भीती तिच्यात शिरली नसती.